सर्व्हर किती वाजता पडला?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळ्यांत सर्व्हर म्हणजे बहुधा अकाउंट्सच्या केबिनमध्ये टेबलाखाली सरकवलेला टॉवर. टॅली त्यावर, बिलिंग त्यावर, प्रिंटरही त्यालाच. तो बसला की चलन निघत नाही, टेम्पो भरून उभा राहतो आणि फोन मला येतो. ‘सर्व्हर सारखा बंद पडतोय’ या एकाच तक्रारीमागे बरीच वर्षं फिरून हाती लागलेलं हे थोडंसं.

१. ‘काय झालं?’ हे आधी विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं : ‘काही नाही हो, आपोआप बंद पडला.’ विचारायचं ते ‘किती वाजता?’ मी वही ठेवायला लावतो. तारीख, वेळ आणि त्या क्षणी गाळ्यात काय चालू होतं, एवढंच लिहायचं. प्लास्टिक मोल्डिंगच्या एका गाळ्यात अकाउंट्सच्या मॅडमनी ती चिकाटीने भरली. जवळपास सगळ्या नोंदी जेवणाच्या सुट्टीनंतरच्या निघाल्या. सगळी मशिनं आणि कंप्रेसर एकदम सुरू व्हायचे, व्होल्टेज खाली यायचं. शेठ म्हणाले, “अहो, यूपीएस आहे ना! हिरवा दिवा लागलाय बघा.” सर्व्हर नीट बंद करून त्याच्या जागी शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. बल्ब एकदा फडफडला आणि विझला. बॅटरी केव्हाच गेली होती. दिवा फक्त मेन लाईन असल्याचं सांगत होता.

२. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि वहीतली वेळ तिथे शोधा. ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसला की अनेकजण थेट पॉवर सप्लाय बदलतात. ती नोंद कारण सांगत नाही. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, इतकंच सांगते. तिच्यातला बगचेक कोड शून्य असेल तर वीज, हार्डवेअर किंवा हँग झाल्यावर कोणी दाबून धरलेलं बटण यांचा संशय घ्या. कोड भरलेला असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे.

‘१०७४’ ही नोंद माझी लाडकी, कारण तिथे बंद करणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. एक सर्व्हर तासातासाने बंद पडे. रॅम बदलून झाली होती, फॅन बदलून झाला होता. १०७४ मध्ये नाव निघालं ‘डब्ल्यूएलएमएस’चं, म्हणजे लायसन्सवर नजर ठेवणाऱ्या विंडोजच्याच सेवेचं. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवसांची असते; मुदत संपली की ती दर तासाला स्वतःच बंद होते. इलाज स्क्रू-ड्रायव्हरचा नव्हता, लायसन्सच्या बिलाचा होता. ते शेठना सांगणं हे त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम.

३. निळी स्क्रीन वाचेपर्यंत मशीन रीस्टार्ट होत असेल तर ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा आणि स्क्रीनचा फोटो घ्या. मिनीडंप फाइल्स विनडीबीजीमध्ये उघडा, पण एका डंपवर भरवसा नको. प्रत्येक वेळी तोच ड्रायव्हर दिसला तर तो गुन्हेगार. दरवेळी नवा कोड, नवा ड्रायव्हर निघाला तर रॅम तपासा.

४. खाडीची हवा विसरू नका. पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर चढतो. पुसून बसवली की मशीन चालतं आणि सगळे खूश होतात. पण थर स्लॉटमध्येही असतो, म्हणून तेच दुखणं परत येतं.

५. एकाच वेळी बरीच मशिनं पडली तर पाना हातात घेऊच नका. काय बदललं ते विचारा. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट सुटलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं आडवी झाली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. इलाज साधा होता : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. मात्र अनेक ठिकाणी ते प्रत्येक मशीनपाशी बसून करावं लागलं. आमच्या गाळ्यांना झळ लागली नाही. इतकं महाग सॉफ्टवेअर इथे घेतं कोण!

६. चेकडिस्क चालवण्याआधी बॅकअप. मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवलं तर जो डेटा निघाला असता तोही जातो. आणि बॅकअपची डिस्क सर्व्हरच्याच टेबलाच्या खालच्या खणात नको. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसई-विरारमध्ये घराघरात पाणी शिरलं. तेव्हापासून माझ्या गिऱ्हाइकांचे टॉवर मी टेबलावर चढवतो. पाय ठेवायला जागा झाली म्हणून मॅडम खूश, फाइली ठेवायला जागा उरली नाही म्हणून शेठ नाराज.