शिरोरेखा का थरथरते?

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिद्री हे गाव लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव ऊस पिकविणाऱ्यांच्या तोंडी सदैव असते. गळिताच्या हंगामात येथील रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात, आणि शिवारात पाहावे तिकडे उसाच्या सऱ्या दिसतात. या सऱ्या, मुलांनो, नीट ध्यानात ठेवा. आजच्या पाठाचा विषय संगणक आणि दूरदर्शन संच हा असला, तरी तो समजावून घेण्यासाठी आपल्याला पुन्हा उसाच्या शेतातच यावे लागणार आहे.

अशा गावातील एखादी शाळा डोळ्यांपुढे आणा. शाळेत एक जुना संगणक आहे. त्याचा मॉनिटर निकामी झाला आहे, परंतु पेटी धडधाकट आहे. वर्गात फुगीर काचेचा जुना टीव्हीही आहे. संगणकाचे चित्र या टीव्हीवर उमटेल काय? उमटले तर साठ मुलांना एकाच वेळी धडा वाचता येईल. न उमटले तर दोन्ही वस्तू भंगारात जातील. या जिल्ह्यात असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावांत संगणक पोहोचविण्याची योजना १९९८ सालीच हाती घेण्यात आली होती. त्या काळचे संगणक आता म्हातारे झाले आहेत. मात्र म्हातारा झालेला प्रत्येक जण निरुपयोगी होतो, असे थोडेच आहे!

संगणकाच्या पेटीत चित्र तयार करण्याचे काम करणारा एक निराळा भाग असतो. त्याला मराठीत काय म्हणावे याचा खल विद्वानांनी खुशाल करावा. बाजारात त्याला ‘ग्राफिक्स कार्ड’ म्हणतात, आणि आपणही तेच म्हणू. मॉनिटरची वायर या कार्डाच्या खोबणीत बसते. ती काढून टीव्हीला जोडली की काम झाले, असे कोणालाही वाटेल. तसे का होत नाही, हे आता पाहू.

वास्तविक संगणक आणि चित्रनळी यांचे नाते जुने आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संगणक कार्यान्वित झाला. त्याला पुढे ‘टिफ्रॅक’ असे नाव मिळाले. त्याने काढलेले आलेख व अक्षरे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी चित्रनळीची व्यवस्था केली होती. मुंबईत दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे मुंबईत दूरदर्शन येण्यापूर्वी बारा वर्षे चित्रनळी संगणकाच्या सेवेत रुजू झाली होती! मग आज या दोघांचे जमत का नाही?

चित्रनळीच्या मागील बाजूने इलेक्ट्रॉनांचा झोत येतो. पडद्याच्या आतील लेपावर तो जेथे आदळतो, तेथे प्रकाश उमटतो. हा झोत डावीकडून उजवीकडे एक रेष काढतो, झटकन परत फिरतो व खाली दुसरी रेष काढतो. अशा शेकडो रेषांचे मिळून एक चित्र होते. आता शेतात चला. पाणी भरपूर असेल तर शेतकरी पहिल्या सरीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, असे ओळीने पाणी पाजतो. पाणी कमी असेल तर तो सरी आड सरी पाणी देतो. एका पाळीला पहिली, तिसरी, पाचवी. पुढच्या पाळीला दुसरी, चौथी, सहावी. टीव्हीने नेमकी हीच दुसरी रीत पत्करली. आपल्या देशातील जुन्या टीव्हीच्या पद्धतीला ‘पाल’ म्हणतात. तिच्यात एका चित्राच्या ६२५ रेषा असतात, आणि त्यांपैकी सुमारे ५७५ चित्रासाठी वापरल्या जातात. झोत आधी एका आड एक रेषा काढून अर्धे चित्र पुरे करतो, मग मागे राहिलेल्या रेषा काढून दुसरे अर्धे. अशी ५० अर्धी, म्हणजे २५ पूर्ण चित्रे एका सेकंदात तयार होतात. हवेतून चित्र पाठविण्याचा पाट अरुंद होता. त्यात सेकंदाला २५ चित्रांहून अधिक मावेनात, आणि २५ वेळाच पडदा उजळला तर डोळ्यांना लुकलुक जाणवे. या अडचणीतून ही युक्ती निघाली.

संगणकाच्या मॉनिटरला पाटाची अडचण नव्हती. हातभर लांबीच्या वायरीतून हवे तेवढे पाणी सोडता येते. म्हणून १९८७ साली आलेल्या ‘व्हीजीए’ पद्धतीत सर्व रेषा ओळीने, आणि तेही सेकंदाला सुमारे साठ वेळा काढल्या जाऊ लागल्या. गणित करून पाहा. टीव्हीच्या ६२५ रेषा गुणिले २५, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. व्हीजीएच्या ५२५ रेषा गुणिले ६०, म्हणजे ३१,५००. एकाची चाल दुसऱ्याच्या दुप्पट! ही चाल जुन्या टीव्हीला झेपणे शक्य नाही. म्हणूनच ज्या वायरीच्या एका टोकाला पंधरा पिनांचा निळा जोड आणि दुसऱ्या टोकाला नुसत्या तीन रंगीत पिना असतात, ती स्वस्तात मिळाली म्हणून विकत घेऊ नये. ती धातूचे धातूला जोडते. चाल बदलून देत नाही. बहुतेक कार्डांवर तिचा काडीइतका उपयोग होत नाही.

व्हीजीएच्या आधीचे काही संगणक मात्र टीव्हीच्याच चालीने चालत. भारत सरकारने १९८४ साली शाळांसाठी संगणक-साक्षरतेची जी योजना सुरू केली, तिच्यातील ‘बी.बी.सी. मायक्रो’ हा संगणक थेट टीव्हीला जोडता येत असे.

पुढे १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ग्राफिक्स कार्डे बनविणाऱ्यांनी कार्डावरच एक दुभाष्या बसविला. जीफोर्स, रेडिऑन इत्यादी नावांच्या अनेक जुन्या कार्डांवर तो सापडतो. त्याची खूण म्हणजे कार्डाच्या मागील बाजूस असलेली लहानशी गोल खोबण. तिला ‘एस-व्हिडिओ’ म्हणतात. काही कार्डांवर टीव्हीसाठी पिवळी खोबणही असते. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात. एस-व्हिडिओत त्यांना निरनिराळ्या तारा असतात, म्हणून तिचे चित्र अधिक स्वच्छ. ज्याच्या टीव्हीला गोल खोबण आहे, त्याने पिवळीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडणी करताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. वायर बसवून आधी टीव्ही लावावा, रिमोटने त्याला ‘ए.व्ही.’वर आणावे, आणि मग संगणक सुरू करावा. हा क्रम उगाच सांगितलेला नाही. पुष्कळ कार्डे सुरू होतानाच वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी आहे की नाही, हे विजेच्या विरोधावरून चाचपतात. तेथे टीव्हीचा ७५ ओहमचा विरोध जाणवला तरच ती तिकडे चित्र पाठवितात. चित्र आले पण रंग आले नाहीत, किंवा चित्र वरखाली घसरू लागले, तर घाबरू नये. कार्ड बहुधा अमेरिकेतील ‘एनटीएससी’ पद्धतीने बोलत असते. त्याच्या नियंत्रण पटलावर ‘पाल-बी’ निवडावे. चित्राच्या कडा टीव्हीच्या चौकटीआड दडल्या, तर तेथेच चित्र थोडे लहान करता येते. या वायरीतून आवाज मात्र जात नाही. तो संगणकाच्या हिरव्या खोबणीतून निराळ्या वायरीने टीव्हीच्या लाल व पांढऱ्या खोबणींत न्यावा लागतो.

इतके केल्यावर चित्र दिसते. शिक्षक मोठ्या हौसेने मराठीचा धडा उघडतात, आणि वर्गातून एकच ओरड होते, “गुरुजी, अक्षरे थरथरतात!” खेळाचे चित्र लावले तर ते कसे छान दिसते, थरथर अक्षरांतच का? याचे उत्तर आपल्या लिपीत आहे. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरे टांगीत. देवनागरीतही प्रत्येक शब्दावर शिरोरेखा असते. संगणकाने ती एकाच रेषेइतकी बारीक काढली, तर टीव्हीच्या हिशेबी ती एकाच सरीत पडते. त्या सरीला पाणी मिळते एका पाळीआड, म्हणजे सेकंदाला फक्त २५ वेळा. मधल्या पाळीत ती विझते. डोळ्यांना हे उमगते, आणि साऱ्या पानावरील शिरोरेखा एकदम लुकलुकू लागतात. अक्षरांचे उभे दंड मात्र सगळ्या सऱ्यांतून जात असल्याने स्थिर राहतात. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर अशी सलग रेघ नसते, म्हणून तेथे हा दोष कमी जाणवतो. चेहरे, झाडे, मैदान यांच्या चित्रांत इतक्या बारीक आडव्या रेघा क्वचितच असतात.

पुष्कळ कार्डांत या दोषावर एक उपाय असतो. शेजारच्या रेषांचा उजेड एकमेकींत थोडा मिसळला, की शिरोरेखा दोन सऱ्यांत पसरते व थरथर शमते. परंतु हे मिसळणे फार झाले तर अक्षरे पिठूळ होतात, आणि सर्वांत आधी बळी जातो तो अनुस्वाराचा. ‘खंत’ आणि ‘खत’ या दोन शब्दांतील भेद एका ठिपक्यावर उभा आहे. तो ठिपका पुसला गेला तर वाचणाऱ्याने काय करावे? म्हणून मिसळ बेताची ठेवावी, आणि अक्षरे मात्र ठळक व मोठी करावीत. शिरोरेखा जाड झाली की ती आपोआप दोन्ही पाळ्यांत पाणी घेते. पानावर थोडे शब्द मावतील, हे खरे. परंतु न वाचता येणाऱ्या पुष्कळ शब्दांपेक्षा ते बरे.

वर्गातील टीव्ही सपाट व नवा असेल, तर ही सारी यातायात बहुधा टळते. काही सपाट टीव्हींना पंधरा पिनांची निळी खोबण असते, आणि ते संगणकाची चाल जशीच्या तशी समजतात. केवळ ‘एचडीएमआय’ खोबण असेल, तर कार्डावर पांढरी ‘डीव्हीआय’ खोबण आहे का ते पाहावे. असल्यास साधा जोड पुरतो. कार्डावर निळीच खोबण असली, तर विजेवर चालणारा परिवर्तक घ्यावा लागतो.

एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. फुगीर टीव्हीचे मागचे झाकण मुलांनी कधीही उघडू नये. चित्रनळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो, आणि टीव्ही बंद केल्यावरही तो काही काळ तेथे टिकून राहू शकतो. तिच्या काचेत शिसेही असते. म्हणून निकामी टीव्ही उकिरड्यावर फोडू नये. असा कचरा अधिकृत संकलकाकडे द्यावा, असा नियम १ मे २०१२ पासून देशात लागू झाला होता.

आता अक्षरे किती मोठी ठेवावीत, हे कसे ठरवावे? पडद्यावर ‘खत’ आणि ‘खंत’ हे शब्द उलटसुलट क्रमाने दहा वेळा लिहावेत, आणि शेवटच्या बाकावरील मुलाला ते मोठ्याने वाचावयास सांगावे. तो जेथे अडखळेल, तेथे अक्षरे एक पायरी वाढवावीत आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचू द्यावे.