पाठ १४ : बाबांची हत्यारं, लेकीची बॅग

मागच्या पाठात आपण स्वयंपाकघरात होतो. आज गॅरेजमध्ये जाऊ या.

"माझी हत्यारं कुणी हलवली?" असं बाबा घरात ओरडले, तर घाबरू नका. मराठीत हत्यार म्हणजे लढाईतलं शस्त्र, आणि हत्यार म्हणजे कामाचं साधनसुद्धा. सुताराची करवत हे हत्यार, मेकॅनिकचा पाना हेही हत्यारच. पुस्तकात बहुतेक वेळा 'अवजार' असं लिहिलेलं दिसेल. पण पेटी उघडणारा माणूस 'हत्यार' म्हणतो.

समजा, एक बाबा १९९०च्या सुमारास नाशिकहून लंडनजवळ हॅरोला आले. त्यांची लेक इथेच जन्मली, आता नोकरीसाठी मँचेस्टरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. बाबांकडे लोखंडी पेटी आहे. पेटीत हातोडी, पक्कड, पाने, कानस, पटाशी, छोटा रंधा, टेस्टर आणि एका डब्यात वाकडे झालेले, पुन्हा सरळ केलेले खिळे. (कानस आणि कणीस यांत गोंधळ करू नका. कानसीने लोखंड घासतात, कणीस भाजून खातात.) लेकीकडे एक कापडी बॅग आहे. तिच्यात बॅटरीवर चालणारा ड्रिल, लेझरने अंतर मोजणारं यंत्र आणि फर्निचरच्या खोक्यांतून जमलेल्या सात-आठ ॲलन की.

बाबा लेकीकडे फळी लावायला आले. संवाद मोठ्याने वाचा.

बाबा : अगं, ही फळी बसत नाही. दोन सूत जास्त आहे.
लेक : दोन काय?
बाबा : सूत गं, सूत!
लेक : बाबा, तुम्ही मिलिमीटरमध्ये सांगा ना.
बाबा : मिलिमीटर तुझ्या त्या लाल दिव्याला विचार. माझ्या हाताला सूतच कळतं.

सूत म्हणजे दोरा, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण सुतारकामात सूत हे माप आहे. एका इंचात आठ सूत. म्हणजे एक सूत जवळजवळ ३.२ मिलिमीटर, आणि बाबांचे दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडं वर. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी सुतारांच्या तोंडी इंच आणि सूत राहिलेच. ब्रिटनने १९६५ साली मेट्रिककडे वळायचं ठरवलं, आणि रस्त्यावर अजून मैल आहेत. तेव्हा बाबांना हसू नका!

आता त्या पेटीकडे नीट बघा. बाबांनी इतकी हत्यारं का जमवली? हौस होतीच. पण त्या काळच्या वस्तू उघडता येत होत्या, आणि कधी कधी उघडाव्याच लागत. ब्रिटनमध्ये पूर्वी इस्त्री किंवा किटली विकत घेतली, तर पुष्कळदा तिच्या वायरीला प्लग नसायचा. प्लग वेगळा आणायचा, स्क्रू सोडवायचे, तीन तारा तीन जागी बसवायच्या, योग्य फ्यूज घालायचा. तपकिरी तार लाइव्हला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थला. हे काम घरोघरी चालायचं. मग १९९४चे नियम आले आणि घरगुती उपकरणं प्लग बसवूनच विकणं सक्तीचं झालं. त्यानंतर वाढलेल्या मुलांनी प्लगच्या आत काय असतं ते पाहिलंच नाही. पाहण्याची वेळच आली नाही. "आजच्या मुलांना साधा प्लग लावता येत नाही" असं बाबा म्हणतात ते खरं आहे, पण त्यात मुलांचा दोष नाही.

विजेचं काम निघालं आहे तर एक गोष्ट लक्ष देऊन वाचा. बाबांच्या पेटीतला टेस्टर तुम्ही पाहिला असेल. स्क्रू ड्रायव्हरसारखा दिसतो, टोक तारेला लावायचं, मागे बोट ठेवायचं, आतला छोटा दिवा लागला तर वीज आहे. भारतात जवळजवळ प्रत्येक घरात असतो. पण दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं समजणं धोक्याचं आहे. टेस्टर बिघडलेला असू शकतो, भर उजेडात दिवा दिसतही नाही. इथले इलेक्ट्रिशियन त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत. ते दोन टोकांचं व्होल्टेज तपासणारं यंत्र वापरतात, आणि ते यंत्र चालू आहे ना हेही आधी आणि नंतर तपासतात.

शिवाय रंग बदलले आहेत. ब्रिटनमधल्या जुन्या घरांच्या भिंतींत लाल तार लाइव्ह आणि काळी न्यूट्रल असते. भारतात बाबा हेच शिकले होते. पण इथे २००४ ते २००६ या काळात भिंतीतल्या तारांचे रंग बदलले : तपकिरी लाइव्ह, निळी न्यूट्रल. आणि तीन फेजच्या नव्या जोडणीत काळी तार चक्क लाइव्ह असते! बाबा म्हणाले, "काळी आहे, हात लावला तरी चालेल," तर तुम्ही म्हणा, "थांबा बाबा, आधी मेन स्विच बंद करू." इंग्लंड-वेल्समध्ये २००५पासून घरात नवीन सर्किट टाकायचं असेल तर ते काम नोंदणी असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं लागतं, नाहीतर कौन्सिलला आधी कळवावं लागतं. इथे बाबांचा अनुभव कमी पडतो. त्यांना हे सांगणं सोपं नाही, मला माहीत आहे.

स्क्रूचं भांडण मात्र लहान आहे. फुलीच्या खाचेचे स्क्रू सगळे सारखे वाटतात, पण त्यांत दोन जाती आहेत : फिलिप्स आणि पोझिड्राइव्ह. फुलीच्या मधे आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह. इथल्या लाकडाच्या स्क्रूंमध्ये तो फार दिसतो. बाबांचा नाशिकहून आणलेला स्क्रू ड्रायव्हर फिलिप्सचा आहे, म्हणून तो घसरतो आणि बाबा स्क्रूला शिव्या देतात. स्क्रू ड्रायव्हर चांगला आहे, जोडी चुकली आहे.

ड्रिलच्या बाबतीत मी बाबांच्या बाजूने आहे. त्यांचा वायरवाला ड्रिल जड आहे, आवाज करतो, पण तीस वर्षांनीही विटेच्या भिंतीत भोक पाडतो. लेकीचा ड्रिल हलका आणि सोयीचा आहे, पण त्याची बॅटरी म्हातारी होते, आणि एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या ड्रिलला बसत नाही. अर्थात, भाड्याच्या घरात भोक पाडायचं तर आधी मालकाची परवानगी हवी. म्हणून लेकीच्या बॅगेत चिकटपट्ट्या जास्त आणि मोठे खिळे अजिबात नाहीत. ज्याची भिंत स्वतःची नाही, त्याची हत्यारं वेगळीच असणार.

सगळं स्वतःचंच असावं, असंही नाही. एडिनबरामध्ये २०१५पासून हत्यारांची लायब्ररी आहे. पुस्तकासारखी करवत घरी न्यायची, काम झालं की परत द्यायची. हे ऐकून बाबा म्हणतील, "हत्यार कधी दुसऱ्याला देऊ नये." म्हणू द्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी हत्यारं पुसून त्यांना हळद-कुंकू आणि फुलं वाहतात. कारखान्यात मशिनचीही पूजा होते. आमच्या वर्गातल्या काही घरांत बाबा गॅरेजमध्ये पाने आणि पक्कड मांडतात, आणि मुलं शेजारी लॅपटॉप ठेवतात. ड्रिलची बॅटरी आधी काढून ठेवा, कुंकू आत जातं.

आता तुमची पाळी.

घरातली पेटी बाबांसोबत उघडा. काकांची किंवा आजोबांची असली तरी चालेल. आईची असेल तर उत्तमच. प्रत्येक हत्यार हातात घेऊन विचारा : "याला काय म्हणतात? तुम्ही हे कुठून आणलं? शेवटचं कधी वापरलं?" नावं देवनागरीत लिहा. ज्याचं नाव त्यांनाही आठवत नाही, त्याचं चित्र काढून वर्गात आणा.

'सुतासारखा सरळ' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा. सुतार लाकडावर सरळ रेघ मारायला ताणलेला दोरा वापरतो, हे लक्षात ठेवा.

वरचा संवाद पुढे वाढवा. फळी शेवटी कुणी कापली, आणि कशाने?