यमुनेच्या काठाकाठाने

प्रस्तावना

मुंबई म्हटली की समुद्र आठवतो. नाशिक म्हटले की गोदावरीचा घाट डोळ्यांसमोर उभा राहतो. दिल्ली म्हटल्यावर मात्र लाल किल्ला आठवतो, कुतुबमिनार आठवतो, नदी सहसा आठवत नाही. वास्तविक दिल्ली हे यमुनेच्या काठी वसलेले शहर आहे. शहराच्या पूर्वेकडील भागात, यमुनेच्या डाव्या तीराजवळ, मयूर विहार ही वसाहत आहे. तेथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने आपल्याच शहराच्या नदीकाठी घालवलेल्या एका दिवसाचे वर्णन प्रस्तुत पाठात आले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला
• प्रवासवर्णन या लेखनप्रकाराची ओळख होईल;
• यमुना आणि दिल्ली शहर यांचा संबंध सांगता येईल;
• नदीच्या प्रदूषणाची कारणे स्पष्ट करता येतील.

मूळ पाठ

आमच्या घरापासून यमुना फार दूर नाही. तरीही तिचे दर्शन आम्हाला घडे ते मेट्रोच्या खिडकीतून आणि तेही क्षणभरच. त्या हिवाळ्यात आई वाईहून आमच्याकडे राहायला आली. वाईत दरवर्षी कृष्णाबाईचा उत्सव होतो. घाटाघाटांवर मांडव पडतात आणि नदीची देवी म्हणून पूजा होते. आल्यानंतर दोनच दिवसांनी आईने विचारले, "तुमच्या गावची नदी कुठे आहे? तिची ओटी भरायची आहे मला." मुलांनी एकमेकांकडे पाहिले. दिल्लीला कोणी 'गाव' म्हणेल आणि त्या गावाला नदी असेल, हे दोन्ही त्यांना नवे होते.

फेब्रुवारीतला रविवार ठरला. धुके सरले होते, ऊन कोवळे होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि संत्री बरोबर घेऊन आम्ही सकाळीच निघालो. आईच्या पिशवीत खण, नारळ आणि तांदूळ होते.

पूर अडवण्यासाठी नदीच्या कडेने मातीचा बांध घातलेला आहे. त्याला येथे 'पुश्ता' म्हणतात. पुश्ता ओलांडला की शहर एकाएकी मागे राहते. समोर खादर पसरलेले दिसते. खादर म्हणजे पुराचे पाणी जिथवर पसरते ती गाळाची जमीन. चिल्ला गावाच्या बाजूचे हे खादर हिरवेगार होते. पालक, मुळा, फुलकोबी यांचे वाफे लांबवर गेले होते. एक शेतकरीण मुळ्याच्या जुड्या बांधत बसली होती. आई तिच्याशेजारी बसली. एकीची हिंदी तोडकीमोडकी होती, दुसरीला मराठी येत नव्हती. पण पिकांविषयीच्या गप्पा रंगल्या.

तिने पुराची हकिगत सांगितली. जुलै 2023 मध्ये जुन्या लोखंडी पुलाजवळ यमुनेची पातळी 208.66 मीटरपर्यंत गेली. धोक्याची पातळी 205.33 मीटर आहे, आणि त्याआधीचा 1978 चा उच्चांक 207.49 मीटर होता. खादरातली घरे, भाजी, गुरांचा चारा सारे पाण्याखाली गेले. माणसे मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूत राहिली. ते तंबू आम्ही बाल्कनीतून पाहिले होते. त्यांत राहणारी माणसे आपल्या ताटातली भाजी पिकवतात, हे त्या सकाळी आम्हाला प्रथमच समजले.

मुलांना मी जवळच्याच पटपडगंजची गोष्ट सांगितली. 11 सप्टेंबर 1803 रोजी या परिसरात इंग्रज सेनापती लेक याच्या फौजेने दौलतराव शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. त्यानंतर काही दिवसांतच इंग्रज यमुना ओलांडून दिल्लीत शिरले आणि दिल्लीवरील मराठ्यांचे वर्चस्व संपले. त्याआधी, 10 जानेवारी 1760 रोजी, याच नदीच्या वरच्या अंगाला बुराडी घाटावर अहमदशाह अब्दालीच्या फौजेशी लढताना दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले होते. "म्हणजे ही नदी आपल्या ओळखीची आहे!" धाकटी म्हणाली. आईने मान डोलावली.

तेथून मेट्रोने नदी ओलांडून आम्ही लाल किल्ल्यापाशी उतरलो. शाहजहानने बांधलेला हा किल्ला 1648 मध्ये पूर्ण झाला. त्या काळी यमुना किल्ल्याच्या पूर्वेकडील तटाखालून वाहत असे. पुढे पात्र दूर सरकले आणि मधल्या जागेतून आज वाहनांनी गजबजलेला रिंग रोड जातो. 2023 च्या पुरात मात्र पाणी पुन्हा तटापर्यंत आले. नदी जणू आपली जुनी वाट विसरली नव्हती.

रिक्षाने यमुना बाजारच्या घाटावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. उन्हात पायऱ्या तापल्या होत्या. दूर देशांतून हिवाळ्यासाठी आलेले कुरव पक्षी शेकडोंच्या संख्येने पाण्यावर उतरत होते. जवळच 1866 साली बांधलेला जुना लोखंडी पूल दिसत होता. वर रेल्वे आणि खाली रस्ता अशी त्याची रचना पाहून मुले हरखून गेली. आम्ही नावेत बसलो. पक्ष्यांच्या थव्यातून नाव पुढे सरकली आणि काही वेळ कोणीच बोलले नाही.

मग आईने पाण्याकडे नीट पाहिले. पाणी काळे होते. त्याला उग्र दर्प येत होता. काठाशी निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या अडकल्या होत्या. आईचा नारळ धरलेला हात तसाच राहिला. "हिला आणखी काय वाहायचे?" ती हळूच म्हणाली.

थोरल्याने विचारले, "बाबा, आपल्या मोरीतले पाणीही इथेच येते का?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे होते. यमुनेची एकूण लांबी 1,376 किलोमीटर आहे. त्यापैकी वजीराबाद ते ओखला हा दिल्लीतील प्रवाह सुमारे 22 किलोमीटरचा, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी आहे. पण नदीच्या एकूण प्रदूषणापैकी सुमारे तीन चतुर्थांश भार या छोट्याशा पट्ट्यात पडतो. वजीराबादच्या बंधाऱ्यापाशी शहराला पिण्यासाठी पाणी उचलले जाते. त्यामुळे कोरड्या महिन्यांत पुढे ताजे पाणी फारसे उरत नाही. त्या रिकाम्या पात्रात नजफगडसारखे मोठे नाले येऊन मिळतात. हा नजफगड नालाही एके काळी साहिबी नावाची नदी होती. आमच्या भागातील सांडपाण्यासाठी कोंडली येथे शुद्धीकरण केंद्र आहे. परंतु जिथे गटारवाहिन्या पोहोचल्या नाहीत किंवा केंद्रांची क्षमता अपुरी पडते, तिथले पाणी तसेच नदीत जाते. हे सर्व ऐकल्यावर थोरला म्हणाला, "मग नदी आपल्या घरातच सुरू होते."

नाव काठाला लागली. नावाड्याची सून पायरीवर उभी होती. आईने तिला जवळ बोलावले, कुंकू लावले आणि खण, नारळ व तांदूळ तिच्या पदरात घातले. मुलांना नवल वाटले. आई म्हणाली, "नदीच्या काठी जी राहते, तिची ओटी भरली की नदीची भरल्यासारखीच आहे." आपली रीत तिने मोडली नव्हती, फक्त पाण्यात काही टाकले नव्हते.

नदीची पूजा करणारा आणि नदी मलिन करणारा समाज एकच असतो, हे आपल्याकडे सर्वत्र दिसते. श्रद्धा असली तरी नदी आपोआप स्वच्छ होत नाही. सांडपाण्याची नीट व्यवस्था, पात्रात सोडलेले पुरेसे पाणी आणि नागरिकांचा विवेक हे तिन्ही एकत्र यावे लागतात. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची मागणी आपण शासनाकडे करू शकतो. तिसरी आपल्या हाती आहे. त्यासाठी आधी नदीपर्यंत जायला हवे. जी नदी कधी पाहिलीच नाही, तिच्यासाठी कोण बोलणार?

शब्दार्थ

वर्चस्व – प्रभुत्व, सत्ता
धारातीर्थी पडणे – रणांगणावर वीरमरण येणे
निर्माल्य – देवाला वाहून झालेली फुले, पाने
दर्प – उग्र वास
विवेक – चांगले-वाईट ओळखण्याची बुद्धी

स्वाध्याय

1. खादर म्हणजे काय? तेथील लोकांवर 2023 च्या पुराचा कोणता परिणाम झाला?
2. "ही नदी आपल्या ओळखीची आहे," असे धाकटी का म्हणाली?
3. दिल्लीतील यमुनेच्या प्रदूषणाची दोन कारणे लिहा.
4. आईने ओटी पाण्यात का सोडली नाही? तिचा निर्णय तुम्हाला पटतो का? सकारण लिहा.
5. तुमच्या गावाजवळील नदी, ओढा किंवा तलाव यांना भेट द्या. तेथे राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी बोला आणि त्या भेटीचे वर्णन दहा ते बारा वाक्यांत करा.