मुद्देमाल आणि ऐवज : चोरीच्या बातमीतले दोन शब्द

पेपरात चोरीची बातमी आली की दोन शब्द हमखास भेटतात. 'दोन लाखांचा ऐवज लंपास' आणि 'मुद्देमालासह दोघे ताब्यात'. मुलांना अर्थ विचारा, दोन्हीला एकच उत्तर येतं : चोरीचा माल. पण हे दोन शब्द एक नाहीत.

ऐवज म्हणजे किमती वस्तू, दागिने, रोकड. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मोबदला, बदली. 'चहाऐवजी दूध' यातला 'ऐवजी' त्याच घरातला. कपाटात सुखरूप असलेले दागिनेसुद्धा ऐवजच. तो चोरीला गेला तरच ऐवज, असं काही नाही.

मुद्देमाल या शब्दात मुद्दा आणि माल आहेत. दोन्ही अरबी, फारसीतून मराठीत आलेले. मुद्दा म्हणजे मुळात ज्यावर दावा आहे ती गोष्ट. जुन्या कोर्टाच्या भाषेत दावा करणारा तो मुद्दई. म्हणून ज्या मालावरून खटला उभा राहतो, तो मुद्देमाल. पोलीस पंचनामा करून जप्त करतात ते सगळं यात येतं : जुगारातली रोकड आणि पत्ते, अवैध दारू, मारामारीतली काठी. यातलं काहीच चोरीचं नसेल, तरी मुद्देमाल आहेच.

आपल्या हिमायतनगर भागात असे शब्द परके वाटत नाहीत. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कचेरीची भाषा उर्दू होती. गावाच्या नावातला 'हिमायत' हाही अरबीच, अर्थ पाठिंबा, संरक्षण. मात्र मुद्देमाल हा शब्द फक्त मराठवाड्याचा नाही, तो सगळ्या महाराष्ट्रात चालतो.

कायद्यानेही हा फरक पाळला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीच्या मालमत्तेची व्याख्या आहे. अशी वस्तू हक्काच्या मालकाकडे परत आली की ती चोरीची मालमत्ता राहत नाही, असं हे कलम सांगतं. पण चोरीची सायकल कोर्टाने बंधपत्रावर मालकाला दिली, तरी खटला संपेपर्यंत ती मुद्देमाल असते. कोर्टाने मागितली की हजर करावी लागते. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही घेणारा याच कलमाखाली गुन्हेगार ठरतो. पालकांनो, बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा जुना मोबाईल घेताना हे ध्यानात असू द्या.

हा फरक वर्गातही कामाला येतो. हरवलेली कंपासपेटी एखाद्याच्या दप्तरात सापडली की पोरं लगेच 'चोर, चोर' म्हणतात. ते नाव त्या लेकराला वर्षभर चिकटतं. पेटी सापडली, एवढंच खरं. ती तिथे कशी गेली, कुणी ठेवली, हे अजून विचारायचं आहे. मुद्देमाल हा पुरावा असतो, निकाल नसतो. म्हणून तर निकाल लागेपर्यंत बातमीत 'संशयित' किंवा 'आरोपी' लिहायचं असतं.

सरावासाठी गाळलेल्या जागा :
१. बँकेच्या लॉकरमध्ये आजीचा सगळा ____ आहे.
२. पोलिसांनी जुगाराच्या अड्ड्यावरून ____ जप्त केला.
३. स्वस्त मिळतो म्हणून ____ विकत घेऊ नये.

उत्तरे : ऐवज, मुद्देमाल, चोरीचा माल. मुलांनी दुसरं उत्तर 'ऐवज' लिहिलं, तर लगेच चूक देऊ नका. 'का?' असं विचारा, खरा धडा तिथेच होतो.