निळा रंग, पण सागर नाही

अंतराळातून पृथ्वी निळी दिसते, याचे प्रमुख कारण तिच्यावरील महासागर होत. त्यामुळे दूरचा एखादा ग्रह निळा आहे असे कळताच तेथेही सागर असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. हा तर्क किती फसवा ठरू शकतो, याचे उदाहरण म्हणजे ‘एचडी १८९७३३ बी’ हा ग्रह होय.

जंबुक तारकासमूहातील एका ताऱ्याभोवती तो फिरतो. पृथ्वीपासून त्याचे अंतर सुमारे ६४ प्रकाशवर्षे असून, त्याचा शोध २००५ साली लागला. गुरूहून किंचित मोठा असा हा वायुरूप ग्रह आहे. गुरूला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा करण्यास सुमारे १२ वर्षे लागतात. हा ग्रह मात्र आपल्या ताऱ्याच्या इतका निकट आहे की, त्याची प्रदक्षिणा २.२ दिवसांतच पूर्ण होते. चंद्राची जशी एकच बाजू पृथ्वीकडे असते, तशी याचीही एकच बाजू सदैव ताऱ्याकडे असते, असे मानले जाते. म्हणजे एका गोलार्धात अखंड दिवस, तर दुसऱ्यात अखंड रात्र.

हा ग्रह ताऱ्यापासून वेगळा असा दिसत नाही. मग त्याचा रंग कसा कळला? ग्रह ताऱ्याआड जाण्यापूर्वी दोघांचा एकत्रित प्रकाश मिळतो. आड गेल्यावर केवळ ताऱ्याचा. हबल दुर्बिणीने हा फरक मोजला, तेव्हा निळा प्रकाश तेवढा घटल्याचे आढळले. २०१३ साली हा निष्कर्ष जाहीर झाला.

मात्र येथील उष्णता सागराची कल्पनाच खोडून काढते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार रात्रीच्या बाजूस सुमारे ६५० आणि दिवसाच्या बाजूस सुमारे ९३० अंश सेल्सिअस तापमान आहे. वातावरणात पाण्याची वाफ आढळली आहे. परंतु द्रवरूप पाणी तेथे टिकणे अशक्य. निळा रंग वातावरणातील सिलिकेटच्या, म्हणजे काचेच्या जातीच्या, सूक्ष्म कणांमुळे येत असावा, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

अखंड रात्र असूनही काळोखी बाजू इतकी तप्त कशी? याचे उत्तर वाऱ्यात आहे. तेथील वाऱ्यांचा वेग सेकंदाला २ किलोमीटरहून अधिक असल्याचे २०१५ साली आढळून आले. हेच वारे दिवसाकडील उष्णता रात्रीकडे वाहून नेतात. अशा वाऱ्यात काचकणांचा पाऊस पडलाच, तर तो आडवाच झोडपील. त्या पावसाला पोहोचण्यास भूमीही नाही; खाली केवळ अधिकाधिक दाट होत जाणारा वायू. २०२४ साली या वातावरणात हायड्रोजन सल्फाइडही सापडला. कुजलेल्या अंड्यांचा दर्प येतो तो हाच वायू.

या वर्णनातील तापमान व वाऱ्यांचा वेग मोजलेला आहे. काचेचा पाऊस हे अनुमान आहे. विद्यार्थ्यांना हा ग्रह समजावून सांगताना शिक्षकांनी हा भेद आवर्जून स्पष्ट करावा. मोजमापाचा आधार सुटला की, निळ्या ठिपक्याचा सागर होण्यास वेळ लागत नाही.