जिभेची ओढ व आहारांतील पालट

पथ्य धरणारे पहिले चार दिवस मोठ्या उत्साहानें काढितात, आणि पांचव्या दिवशीं दुपारीं गुळाच्या डब्यापाशीं सांपडतात. मग लाज वाटून, आपल्या अंगीं निग्रहच नाहीं असें समजून, ते पथ्य सोडून देतात. ज्यांस मधुमेह जडला आहे त्यांस हें सोडणें फार महाग पडतें. डोळे, मूत्रपिंडें व पाय यांवर तें निघतें. म्हणून ही ओढ येते कोठून, याचा विचार आम्ही आज करूं.

आमचें मत असें कीं, पुष्कळांचा दोष निग्रहाचा नसून अर्धपोट राहण्याचा असतो. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांस सुमारें सहा महिने जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेविलें. हे तरुण स्वखुशीनें आले होते. सदसद्विवेकबुद्धीस स्मरून त्यांनीं युद्धांत शस्त्र घेण्याचें नाकारिलें होतें, व त्यांपैकीं कित्येक क्वेकर, मेनोनाइट व ब्रदरन मंडळ्यांतील होते. अशांस दुबळ्या मनाचे कोण म्हणेल? तरी ते रात्रंदिवस अन्नाचेंच चिंतन करूं लागले, पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसले, ताटल्या चाटूं लागले. आणि कांहींनीं तर नियम मोडून चोरून खाल्लें.

तेव्हां चहा-टोस्टावर सकाळ काढून दुपारीं एकच भाकरी खाणाऱ्यास चार वाजतां गोड आठवलें तर नवल काय? त्यानें न्याहरीसच भाकरीबरोबर मटकीची उसळ किंवा पिठलें घ्यावें. दुपारीं वरण, पालेभाजी व कांदा-काकडी असावी. डाळी व कडधान्यें यांनीं पोट पुष्कळ वेळ धरतें. बाहेर जातांना खिशांत मूठभर फुटाणे असावेत.

दुसरें कारण संवयीचें. तीच वेळ, तोच ओटा, तीच कपबशी दिसली कीं जीभ मागूं लागते. अशा वेळीं पाणी पिऊन उठावें व एखादें काम हातीं घ्यावें. ओढ बहुधा थोड्या वेळांत ओसरते. (साखर सोडून गूळ धरणारे आम्हांस पुष्कळ भेटतात. गूळहि बहुतांशीं साखरच होय.)

जीभ नवें शिकते, मात्र सावकाश. १९८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत कांहीं तरुणांनीं पांच महिने कमी मिठाचें अन्न घेतलें, तेव्हां त्यांस पूर्वीपेक्षां कमी खारट पदार्थच अधिक रुचूं लागले. साखरेचेंहि एकदम न तोडितां दोन चमच्यांचा दीड, मग एक, असें आठवड्या-आठवड्यानें करावें.

आमच्या उपदेशक बंधूंची अडचण मात्र वेगळी आहे. ते पांच घरीं जातात व पांचहि घरीं चहा येतो. कपास दोन लहान चमचे धरिले तर दहा चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅमांहून कमी साखर होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटना तर वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमांच्या आंत, व शक्य तर २५ ग्रॅमांच्या आंत ठेवावी असें सांगते. नाहीं म्हणावें तर घरधनिणीचें मन दुखावतें.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. जे इन्शुलिन टोचून घेतात किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेतात, त्यांस एकाएकीं घाम सुटला, हात कांपूं लागले, भुकेनें डोकें फिरूं लागलें, तर ती जिभेची ओढ समजूं नये. रक्तांतील साखर उतरल्याची ती खूण असूं शकते. अशा वेळीं पथ्य बाजूस ठेवून तत्काळ तीन चमचे साखर पाण्यांत घालून घ्यावी, नंतर कांहीं खावें, व डॉक्टरांस कळवावें. शुद्ध नसलेल्याच्या तोंडांत मात्र कांहींहि घालूं नये. त्यास लागलींच दवाखान्यांत न्यावें. आहार बदलण्यापूर्वींहि अशांनीं डॉक्टरांस विचारावें, कारण औषधाचें प्रमाण बदलावें लागतें.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध उपदेशक पहिल्या घरीं बिनसाखरेचा चहा घेतात, व पुढील घरीं ताक किंवा पाणी मागतात. आरंभीं एका बाईस तें फार लागलें. त्यांनीं कप तसाच पुढें ठेविला. तेव्हां यांनीं आपल्या पायाची न भरणारी जखम दाखविली. आतां त्या आधण ठेवितांनाच विचारितात, "मास्तर, ताक घुसळलं आहे, आणूं का?"