मुक्त ज्ञानकोशातील सिद्धता कशी मांडावी?

आमच्या आंजर्ल्याशेजारच्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले आले व 'सीनिअर रँग्लर' झाले. त्यांचा अभिमान आम्हां सर्वांनाच आहे. परंतु ज्या विषयात ते पहिले आले, तो मराठीतून समजून घ्यायचा तर घरी पुस्तके नसलेल्या मुलाने कोठे जावे? १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे त्याचे एक उत्तर आहे. हा ज्ञानकोश कोणीही वाचावा आणि कोणीही त्यात लिहावे. त्यात गणिताची सिद्धता कशी मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण सिद्धता ही आकडेमोडीइतकीच भाषेचीही गोष्ट आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' रचली. तीत नियम श्लोकबद्ध आहेत, 'असे का?' हे सांगायला गुरू समोर असे. पुढे कोकणातल्याच, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली 'बुद्धिविलासिनी' ही संस्कृत टीका लिहून त्या नियमांची उपपत्ती दिली. उपपत्ती म्हणजेच सिद्धता. ज्ञानकोशाच्या वाचकासमोरही गुरू नसतो, म्हणून त्याला उपपत्ती नीट मांडलेली हवी.

एक परिचित उदाहरण घेऊ.

विधान : काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा भुज व कोटि (काटकोन करणाऱ्या दोन बाजू) यांच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो.

रचना : असे चार एकरूप त्रिकोण, कर्ण बाहेरच्या बाजूस येतील असे, जुळवावेत. कर्णाएवढ्या बाजूचा मोठा चौरस होतो. मध्ये लहान चौरस उरतो. त्याची बाजू भुज व कोटि यांच्या फरकाइतकी असते.

सिद्धता :
(१) चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ = ४ × (भुज × कोटि ÷ २) = २ × भुज × कोटि
(२) मधल्या चौरसाचे क्षेत्रफळ = भुज² + कोटि² − २ × भुज × कोटि
(३) दोहोंची बेरीज = भुज² + कोटि²
(४) हेच मोठ्या चौरसाचे क्षेत्रफळ, म्हणजे कर्ण². ∎

भुज ३ व कोटि ४ घेतल्यास २४ आणि १ मिळून २५, म्हणजे ५ चा वर्ग येतो. पण हा पडताळा झाला, सिद्धता नव्हे. दोन्ही वेगळी लिहावीत.

यावरून काही पथ्ये सांगता येतील. विधान आधी व स्वतंत्र द्यावे. एका ओळीत एकच पायरी असावी. चिन्हाचा अर्थ आधी सांगावा, वाक्याची सुरुवात चिन्हाने करू नये. सूत्रांसाठी डोनाल्ड नूथ यांच्या 'टेक' पद्धतीच्या खुणा वापरतात, त्या शिकून घ्याव्यात. शेवट कळावा म्हणून पॉल हाल्मोस यांनी रूढ केलेला छोटा चौकोन द्यावा. प्रत्येक सिद्धता द्यावीच असे नाही. जिने संकल्पना उजळते तीच द्यावी. आणि ती छापील ग्रंथाच्या आधाराने द्यावी, कारण स्वतःच्या नव्या संशोधनाला तेथे जागा नाही.

सुट्या पायऱ्यांचा आणखी एक लाभ आहे. 'भुज व कोटि समान असतील तर?' असे कोणी विचारील. तेव्हा मधला चौरस उरतच नाही, पण त्याचे क्षेत्रफळ शून्य धरले की हिशेब तोच राहतो. ही एक ओळ दुसरा लेखक जोडू शकतो. बाकीच्या मजकुराला हात लावावा लागत नाही. अनेकांनी मिळून लिहायचे ते असे.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य म्हणजे 'हे उघड आहे' असे लिहू नये. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पुस्तकात 'उघड आहे' आले की विचारायला घरी कोणी नसे. ज्याला विचारायला माणूस आहे, त्याला या दोन शब्दांनी काही अडत नाही. ज्याला नाही, त्याची वाट तेथेच संपते.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शालेय भूमितीतील एकेक प्रमेय आपण निवडावे, स्वच्छ मराठीत मांडावे आणि आपल्या प्राध्यापकांनी ते तपासून द्यावे, एवढीच विनंती. एका वर्षात दहा सिद्धता झाल्या तरी दहा ठिकाणचे 'उघड आहे' खरोखर उघड होईल.